आंबट ब्राह्मी

१० फेब्रुवारी

ति. आत्या,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण माझे गुडघे आता साष्टांग घालू देत नाहीत आणि खोटं लिहिलेलं तू लगेच पकडतेस. तेव्हा साधाच नमस्कार.

फोन का केला नाही हे तू विचारणार नाहीस. दुखणं कागदावर लिहून आणल्याशिवाय तू कुणाला औषध देत नाहीस, हे मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून बघतेय. तुझ्या दुकानातल्या बाकावर माणसं पेन्सिल चावत बसायची आणि तू पाठ करून बरण्या पुसत राहायचीस. बोलताना माणूस घोकलेलं बोलतो, लिहिताना अडखळतो, आणि अडखळतो तिथेच दुखणं असतं, असं तुझं म्हणणं. तर आज त्या बाकावर मी बसलेय असं समज.

मला शब्द सापडत नाहीत. इतकी वर्षं कोर्टात दुभाषी म्हणून उभी राहिले. साक्षीदार त्याच्या भाषेत बोलतो, मी ते न्यायाधीशांच्या भाषेत सांगते, त्यांचा प्रश्न त्याच्या भाषेत परत नेते. मध्ये श्वास घ्यायला सवड मिळाली तरी नशीब. आता होतं असं, की वाक्य भरधाव येतं आणि एका शब्दापाशी पायरीच नसते. शब्द जिभेवर येऊन बसतो, पण बाहेर पडत नाही. सकाळी उठले की डोक्यात कापूस भरलेला. परवा घराची किल्ली फ्रीजमध्ये सापडली, लोण्याच्या डबीशेजारी.

बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी शब्द गेले, मग रस्ते, मग आम्ही. मी त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान आहे, हे स्वतःला समजावून सांगते, पण पटत नाही.

तुझी ती ब्राह्मीची पुडी पाठव. असेल त्यातली सगळ्यात जालीम. आणि कुणाला सांगू नकोस.

तुझी,
पोपट


१७ फेब्रुवारी

चि. पोपट,

आशीर्वाद आहेतच. जालीम पुडी मात्र नाही. मी काय उंदरांचं औषध विकते?

पत्र दोनदा वाचलं. सांगायचं ते सांगितलंस, पण मधलं काहीतरी गाळलंस. किल्ली फ्रीजमध्ये सापडली म्हणून कुणी आत्याला पत्र लिहीत नाही. मी तर एकदा चष्मा पिठाच्या डब्यात ठेवून त्याच्यावर झाकण लावलं होतं. कोर्टात काय झालं ते लिही.

ब्राह्मीबद्दल आधी ऐक. माझ्या गुरूबाईंनी मला सांगितलं ते, आणि मी स्वतः या काउंटरमागे उभं राहून पाहिलं ते. नियमाने दोन-तीन महिने घेतली तर काही जणांचं चित्त जरा ठिकाणावर राहतं. सगळ्यांचं नाही. आता प्रयोगशाळांतली मंडळीही तिचं मोजमाप करतायत, त्यांचं उत्तर अजून अर्धंमुर्धं आहे, आणि त्यांचं मला बरं वाटतं, कारण ते अर्धंमुर्धं आहे असं कबूल करतात. आजाराला अडवणारी भिंत म्हणून कुणी तिला विकत असेल तर त्याच्या दुकानाची पायरी चढू नकोस. तुझ्या बाबाला, माझ्या दादाला, मी काय दिलं नाही? ब्राह्मी दिली, शंखपुष्पी दिली, रोज डोक्याला तेल चोळलं. त्याला झोप शांत लागायची, चिडचिड कमी झाली. आजार आपल्या वाटेने गेला. माझ्या पाल्याने तो थांबला असता तर सगळ्यात आधी मीच गावभर नाचले असते.

तेव्हा पहिलं काम, डॉक्टर. रक्त तपासून घे. दुसरं, कुठल्या गोळ्या घेतेस ते मला लिही. झोपेची, सर्दीची, कुठलीही. सर्दीच्या साध्या गोळीनेसुद्धा डोक्यावर झापड येते. तिसरं, दुपारनंतर चहा बंद. तू कोर्टात किती कप ढोसतेस हे मला न सांगता कळतं.

हे सगळं केलंस तर पुडीऐवजी रोप पाठवीन. चूर्ण माणूस पाण्याबरोबर घशात ढकलतो आणि विसरतो. रोपाला पाणी घालावं लागतं, रोज बघावं लागतं, पान खुडावं लागतं, सावकाश चावावं लागतं. निदान तेवढा वेळ तरी तू एका जागी बसशील.

आत्या


५ मार्च

ति. आत्या,

तुझ्यापुढे कुणाचं काही चालत नाही. डॉक्टरीणबाईंकडे गेले. बी-बारा नावाचं जीवनसत्त्व माझ्यात तळाला गेलंय म्हणे. इंजेक्शनं सुरू झाली. मेंदूच्या डॉक्टरांनीही एक सकाळ घालवली माझ्यावर. चित्रं ओळखायला लावली, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. बाबांनी अशाच तपासणीत काढलेलं वाकडं घड्याळ आठवून मी काटे दोनदा खोडले. ते म्हणाले, "आत्ता मला काही दिसत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा या." मी त्यांना तुझ्या पाल्याबद्दल विचारलं. तुझा हा "अर्धंमुर्धं" शब्दच त्यांनी वापरला गं! बाकीच्या गोळ्या पाहिल्या आणि घ्यायला हरकत नाही म्हणाले. सर्दीची गोळी मात्र बंद केली. ती मी रोज झोपताना घेत होते, हे तुला कसं कळलं?

आता गाळलेलं लिहिते. एका साक्षीत शब्द अडला आणि मी जवळचा शब्द ठोकून दिला. समोरच्या वकिलाला साक्षीदाराची भाषा थोडी येते. त्याने उभं राहून मला दुरुस्त केलं. अगदी सभ्यपणे. नुकसान काही झालं नाही, पण माझं तोंड असं पडलं की विचारू नकोस. आणि मग मनात आलं, त्याला ती भाषा येत नसती तर?

आता मेमध्ये एक सुनावणी आहे. लाँड्रीत काम करणारी एक बाई, परदेशी, एकटी. तिचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा तिने आपला मुलगा बालगृहात ठेवला. आता बरी झालीय, तो परत मागतेय. बालगृहाचं म्हणणं, हिने मूल टाकून दिलं. तिची भाषा जाणणारी दुभाषी इथे मी एकटीच. मी नाही म्हटलं तर सुनावणी पुढे जाणार आणि पोरगं तिथेच राहणार. हो म्हटलं आणि ऐन वेळी शब्द गेला, तर काय होईल ते तूच ओळख. मी अजून काही कळवलेलं नाही.

रोप पोचलं. प्रवासात पार माना टाकून बसलंय. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलंय. मला आठवडाभर दुसऱ्या गावच्या कोर्टात जायचंय, शेजारीण पाणी घालेल.

पोपट


१२ मार्च

चि. पोपट,

तुझ्या दोन्ही डॉक्टरांना माझा नमस्कार सांग. ज्याला "आत्ता मला दिसत नाही" असं म्हणता येतं, तो खरा डॉक्टर.

इंजेक्शनं चुकवू नकोस. रोपाची माती ओली ठेव, तिला चिखल आवडतो. पानं धरली की सकाळी चार-पाच खुडून सावकाश चाव. तोंड वाकडं होईल. कडू जहर असते. फूल आलंच तर छोटंसं, पांढुरकं, जरा जांभळट. दुकानात पुड्या तोलणारे आपले काटेवाले विचारतायत, पोपटाला ब्राह्मी म्हणजे मिरची सोडून कारलं, खाईल का? माझ्याबरोबर म्हातारे झाले, पण विनोद तेवढेच वाईट.

सुनावणीबद्दल मी काही बोलणार नाही. ते तुझं काम.

आत्या


२२ एप्रिल

माझी लाडकी पालाआत्या,

इतके दिवस लिहिलं नाही कारण बरी होते! दुखणं नसलं की कागद घ्यायचं सुचत नाही.

आत्या, कापूस गेला. हळूहळू गेला, पण गेला. परवा दिवसभर साक्ष चालली आणि संध्याकाळी लक्षात आलं, की आपण एकदाही अडखळलो नाही. घरी येऊन खिडकीतल्या कुंडीसमोर खुर्ची टाकून बसले आणि रडले. तुझ्या त्या बरण्यांच्या खोलीत जगातली किती अक्कल साठवलेली आहे आणि आम्ही शिकलेली माणसं तिला "पालापाचोळा" म्हणत आलो!

रोपाची तर मजाच झाली. मी परत आले तेव्हा काही उरलं नव्हतं, वाळकी काडी फक्त. पण तू म्हणालीस तशी माती ओली ठेवली आणि आठवड्यात ते असं उसळून आलं की बास. आता कुंडीबाहेर लोंबतंय. जाड रसरशीत पानं, तांबूस देठ. आणि तू मला उगाच घाबरवलंस, कडू मुळीच नाही. उलट छान आंबटसर लागतं. सकाळी उठल्याबरोबर आधी तिथे जाते. चावताना वाटतं, तू समोर बरण्या पुसत उभी आहेस.

सुनावणीला हो कळवलं. तीन मेला आहे. खरं सांगू, या कुंडीच्या जोरावर हो म्हटलं. ती बाई मला भेटून गेली. हात फुगलेले, बोटांच्या पेरांना चिरा. म्हणाली, "तुम्ही आहात ना, मग झालं." आधी अशा वाक्याने माझी पाचावर धारण बसली असती. या वेळी शांत होते.

सोबत एक डहाळी ठेवतेय. पिवळं फूल आलंय बघ, किती गोड! जोपर्यंत ही खिडकीत आहे तोपर्यंत मला भीती नाही.

तुझा पोपट


२६ एप्रिल

चि. पोपट,

आधी हे वाच. त्या कुंडीतलं पान खाणं थांबव. घाबरू नकोस, विषारी नाही, पण थांबव. आणि मग बसून पुढचं वाच.

ती ब्राह्मी नाही. ब्राह्मी आंबट नसते आणि तिला पिवळं फूल येत नाही. तुझ्या पाकिटातून डहाळी काढली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली. ही घोळ आहे. रस्त्याच्या कडेला, पायऱ्यांच्या फटीत, कुठेही उगवतं ते तण. लोक भाजीतही टाकतात. माझं रोप तू नव्हतीस तेव्हाच मेलं, आणि माझ्याच मातीतून आलेलं तणाचं बी तू जिवापाड वाढवलंस. माती मी चाळून घ्यायला हवी होती. नावाप्रमाणे घोळ झाला.

काटेवाल्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आत्ता लिहू नका. आठवडाभराने तिची सुनावणी. ज्या काठीवर उभी आहे ती काढून घेता? नंतर सांगा, हसेल ती." माणूस चुकीचं बोलला नाही. मी दुकान बंद करून तासभर त्याच बाकावर बसले. हातात पेन्सिल होती, कागद कोरा. माझं मला कळलं की मी कुठे अडखळतेय.

सांगितलं नाही तर तू कोर्टात ठणठणीत उभी राहशील. आणि सांगितलं तर माझ्या एका पत्राने ती बाई मुलाला मुकेल का? पण पोपट, माझ्या दुकानात चुकीची वस्तू बरोबर नावाने कधी गेली नाही. ती तुझ्या बाबतीत, आणि तीही तुझ्या डोक्यात, कशी जाऊ देऊ? उद्या सत्य कळलं तर तू माझ्या "बरं वाटेल" या शब्दावरही विश्वास ठेवणार नाहीस, आणि तुझ्या स्वतःच्या बरं वाटण्यावरही नाही.

आता तू विचारशील, मग बरं कशाने वाटलं? मला माहीत नाही. इंजेक्शनं आहेत. सर्दीची गोळी गेली. चहा गेला, झोप आली. रोज सकाळी खिडकीत एका जागी बसलीस. कावळा बसला आणि फांदी मोडली, तसं यश घोळीला मिळालं. मला ते ब्राह्मीला द्यायला किती आवडलं असतं! पण ती बिचारी तर तुझ्या दातांखाली आलीच नाही. म्हणजे तुझे शब्द परत आले ते तुझ्यातूनच आले, एवढं नक्की.

ते पुन्हा कधी जाणार नाहीत, असं मात्र मी लिहून देणार नाही.

आत्या


२९ एप्रिल

आत्या,

चार दिवस थांबता आलं नसतं का तुला?

कुंडी बाल्कनीत नेऊन ठेवली. आज साध्या नोटिशीतले शब्दही चाचपडत वाचले. तू खरी आहेस, मान्य. पण तुझ्या खरेपणाची शिक्षा त्या बाईला झाली, तर मी काय करायचं?

सुनावणीला जाणार आहे. आता माघार घेता येत नाही म्हणून.


६ मे

ति. आत्या,

आज साष्टांग नमस्कार. खरोखर घातला, दरवाजा बंद करून. उठताना कपाटाला धरावं लागलं.

कोर्टाची ती खोली लहान आहे. बाकांचा रंग उडालाय, पंखा कुरकुरतो. न्यायाधीश बाई होत्या, वयाने तुझ्याएवढ्या नाहीत पण चष्म्यावरून बघण्याची तऱ्हा तीच. सकाळपासून सगळं नीट चाललं होतं. मग बालगृहाच्या वकिलाने विचारलं, "ऑपरेशनच्या आधी तुम्ही मुलाचं काय केलंत?"

ती उत्तरली, आणि तिच्या वाक्यातल्या मुख्य शब्दापाशी माझी पायरी गेली. मला त्याचा अर्थ कळत होता. हात लावता येईल इतका जवळ होता. पण कोर्टाच्या भाषेतला त्याचा शब्द नाही म्हणजे नाही. आणि त्याच्या शेजारचा शब्द मात्र जिभेवर येऊन तयार उभा होता. "सोडलं." मी त्याला सोडलं. कुणालाही संशय आला नसता. या वेळी दुरुस्त करणारा वकीलही नव्हता.

आत्या, त्या क्षणी मला तुझा तो कोरा कागद दिसला. आणि "मला माहीत नाही" हे तुझं वाक्य. बरण्यांनी भरलेल्या दुकानाची मालकीण, सगळं आयुष्य ज्यावर उभं आहे त्या ब्राह्मीचं फुकट मिळणारं श्रेय ती नाकारते, आणि मला सांगते, माहीत नाही. मी उभी राहिले आणि म्हटलं, "माफ करा. मला नेमका शब्द सापडत नाही. जवळचा एक शब्द आहे, पण तो चुकीचा आहे. मला थोडा वेळ हवाय."

इतक्या वर्षांत मी हे कोर्टात कधी म्हटलं नव्हतं. वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "घ्या वेळ. ते मूल इतके महिने थांबलंय, आपण थोडं थांबू."

मग मी त्या बाईलाच विचारलं, दुसऱ्या शब्दांत सांगाल का? तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. म्हणाली, "आमच्या लाँड्रीत लोक कपडे देऊन जातात. टाकून जातात का? जाताना पावती मागतात. कारण परत यायचं असतं. मी तसं दिलं त्याला. मीसुद्धा पावती मागितली होती. बालगृहातले हसले होते मला."

मी हे जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. न्यायाधीशबाईंनी बालगृहाच्या माणसाला विचारलं, "यांनी पावती मागितली होती का?" तो वकिलाकडे बघत "हो" म्हणाला.

मुलगा पुढच्या आठवड्यात आईकडे जातोय. आणि मला तो हरवलेला शब्द कोर्टाच्या पायऱ्या उतरताना सापडला. "सोपवलं." इतका साधा! पण तो वेळेवर आला असता तर पावतीची गोष्ट कधी निघालीच नसती.

चार दिवस थांबली असतीस तर मी घोळीच्या जोरावर उभी राहिले असते आणि बेधडक "सोडलं" म्हणाले असते. मागच्या पत्रात मी सही केली नव्हती, त्याबद्दल रागवू नकोस. तुझ्यासारखं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि हे तोंडावर सांगितलं तर तू बरण्या पुसायला जाशील म्हणून लिहितेय.

आता खऱ्या ब्राह्मीचं रोप पाठव. कडू तर कडू. डॉक्टरांची परवानगी आहेच. काही झालं तर झालं. घोळीला मी पुन्हा खिडकीत आणलंय. तिची एक फांदी ओल्या कापडात गुंडाळून पाठवतेय, तुझी तुला परत.

तुझा पोपट


१४ मे

चि. पोपट,

पत्र काटेवाल्यांना वाचून दाखवलं. पावतीपाशी ते "धूळ फार झालीय" म्हणत बाहेर गेले. दुकान मी सकाळीच झाडलं होतं.

रोप निघालंय. माती या वेळी दोनदा चाळली.

दादाची फार आठवण आली. शब्द अडला की तो रागवायचा, खोकायचा, विषय बदलायचा. आपण सगळे भराभर त्याच्या तोंडात शब्द कोंबायचो, त्याची फजिती होऊ नये म्हणून. एकदा जरी तो म्हणाला असता, "सापडत नाही, थांबा जरा," तर आपण थांबलो असतो गं. कितीही वेळ थांबलो असतो. पुढे तुझं काय होईल ते मला कळत नाही, तुझ्या डॉक्टरांनाही कळत नाही. पण तुझ्याजवळ ते वाक्य आहे, आणि तू ते म्हणालीस की मी जिथे असेन तिथे थांबलेली असेन.

तुझी फांदी लागली. मागच्या अंगणात ब्राह्मीच्या वाफ्याशेजारीच लावली, बाकी सगळ्या रोपांसारखी पाटी लावून. गिऱ्हाईकं येतात, वाचतात आणि माझ्याकडे बघतात. काटेवाले म्हणतात, म्हातारी चळली. पाटीवर लिहिलंय:

"हे औषध नाही. उपटू नये."

आत्या